दहा लाख नऊ पुडे

आमच्या एटापल्लीकडच्या गावात पत्रूभाऊ बावीस वर्षं तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, मुन्शी होता. सत्तर पानांचा एक पुडा. पुडे जमिनीवर रांगांनी मांडायचे, मग मोजायचे. शेवटच्या दिवशी त्यानं सगळ्या हंगामांची बेरीज केली, ती नेमकी दहा लाख आली म्हणे. माझा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका. भाऊ खुशीत बसला होता, तेवढ्यात बायको, कमलाबाई, उरल्या पानांचे नऊ पुडे बांधून घेऊन आली.

"हे काऊन सोडले? मोजा."

मोजावे लागले.

कमलाबाई गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून भाऊचं एकच चाललंय: दहा लाख नऊ ही मूळ संख्या आहे, म्हणजे कितीकितीच्याही रांगा लावा, शेवटची रांग अपुरीच राहते, हे दाखवायचं.

"दहा लाख त कशेही बसतेत," भाऊ म्हणायचा. "तिचे नऊ टाकले का कुठीच बसत नाई. तिच्यासारखंच."

मी बी.एस्सी.ला गणितात दोनदा नापास, म्हणून गावचा गणितज्ञ. मीच सांगितलं, हजाराखालच्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून पाहा, एकानंही पुरता भाग गेला नाही तर तुम्ही जिंकले. भाऊ वहीच्या एका पानावर एक भागाकार करू लागला. काचबिंदूनं डोळे चालले होते. शेवटची वीसेक पानं तो तोंडी सांगायचा, मी लिहायचो.

मागच्या महिन्यात तालुक्याला गेलो, नेटवर्क होतं, सहज आकडा मोबाइलमध्ये टाकला. उत्तर आलं: २९३ गुणिले ३४१३.

परत येऊन भाऊच्या नकळत वही पाहिली. २९३च्या पानावर तीनशे ऐंशीतून दोनशे त्र्याण्णव वजा करताना भाऊनं सत्त्याऐंशीऐवजी सत्त्याण्णव लिहिले होते. म्हणून शून्याऐवजी बाकी शंभर उरली. महिनाभर मी सांगायला जायचो आणि एक भागाकार लिहून परत यायचो.

काल शेवटचा, ९९७चा भागाकार झाला. बाकी अठरा.

"झाली ना मूळ?"

"झाली असं दिसते, भाऊ."

"दिसते काय? मले त आता काईच दिसत नाई. तू शिकलेला आहेस, दोनदा शिकलेला. चार पानं तपासून पाय, मंग सही कर."

मी मुद्दाम २९३चं पान काढलं. म्हटलं, आता चूक आपोआप निघेल.

"वाच," भाऊ म्हणाला. डोळे मिटून, बोटं मांडीवर.

वाचत गेलो. तीनशे ऐंशीपाशी आलो.

"वजा दोनशे त्र्याण्णव," भाऊ म्हणाला. "किती लिवलं आहे?"

मी सत्त्याऐंशी म्हणायला तोंड उघडलं.

"सत्त्याण्णव," मी म्हणालो.

"मंग बाकी शंभर. बराबर आहे. पुढचं पान घे."