मेळ्यात गेलेली बॅटरी

मयूरी वानखेडे दिवसभर वस्तू मोडत असे. त्याचा तिला पगार मिळे.

जयपूरजवळच्या सीतापुऱ्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत ती इंजिनियर होती. तिथे गाड्यांचे आरसे, हॉर्न, ब्रेकच्या नळ्या, सीटचे पट्टे तपासायला येत. ती ते तापवायची, गोठवायची, हादरवायची, उंचावरून टाकायची. वस्तू मोडली की कुठे मोडली ते बघायची. नाही मोडली तर पुन्हा टाकायची.

तिचे वडील गुलाबराव मूळचे भुसावळचे. जयपूर स्टेशनवर गाडी लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं ठोकत जायचे. चाक चांगलं वाजलं तर ते काही बोलत नसत. मयूरीही चांगल्या वस्तूबद्दल काही बोलायची नाही.

मी पुण्यात मराठी घेऊन एम.ए. झाले आणि आईबाबांकडे मालवीय नगरात आले. बाबांची विमा कंपनीतली बदली होती. मला नोकरी नव्हती. महाराष्ट्र मंडळात मयूरीची ओळख झाली. ती जयपुरातच वाढलेली. मराठी बोलताना मध्येच थांबायची आणि हिंदीतला शब्द उचलून पुढे जायची. तिनेच मला काम मिळवून दिलं. हनुमानसहायजी नावाचे एक गृहस्थ विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आणणार होते. त्यांना तिची माहितीपुस्तिका हवी होती, सोप्या हिंदीत.

“तू कविता शिकलीस ना,” मयूरी म्हणाली. “मतलब सोपं लिहिता येईल तुला.”

तिला असं का वाटलं, मला अजून कळलेलं नाही.

हे दोन हजार आठ सालचं. तेव्हा अशा स्कूटरमध्ये शिशाच्या जड बॅटऱ्या असायच्या. हनुमानसहायजींनी लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या बाहेरून मागवल्या होत्या. डब्याएवढी काळी पेटी, आत ओळीने बसवलेले सेल. स्कूटर आणि अशा दोन पेट्या प्रयोगशाळेत होत्या. मयूरीने त्यातली एक माझ्यासमोर सिमेंटच्या फरशीवर टाकली. ती कोपऱ्यावर पडली. वरून ओरखडासुद्धा दिसत नव्हता.

मी म्हटलं, पास झाली. ती म्हणाली, आत काय झालंय ते दिसत नाही. एखादा सेल चेपला असेल तर तो पडून राहील गपचूप. चार्ज करायला लावला की पेटेल. म्हणून पाडलेली पेटी पुन्हा गाडीत जात नाही. तिच्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि ती मागच्या शेडमध्ये वाळूच्या हौदात ठेवायची. दुसऱ्या दिवशी गरम झाली का बघायचं. मग जाड भिंतीआड चार्ज करायची.

तिने ठिपका दिला. पेटी वाळूत ठेवली. हात धुतले. आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. होळीनंतरच्या अष्टमीला जयपुरात शीतलामातेचा सण असतो. घरोघर चूल बंद. आदल्या दिवशी रांधलेलं थंड जेवायचं. चाकसूजवळ शील की डुंगरी नावाच्या टेकडीवर मोठा मेळा भरतो. हनुमानसहायजी तिथे तंबू टाकून स्कूटर दाखवणार होते, अर्थात न पाडलेल्या पेटीवर. मी पत्रकं वाटायची होती. मयूरी मला तिच्या स्कूटीवरून सोडणार होती. वाटेत ती प्रयोगशाळेत थांबली. सुट्टी असली तरी वाळूतली पेटी बघायची असते.

शेडमध्ये ती हौदाजवळ गेली आणि उभी राहिली.

पेटीवर लाल टिळे होते. एक नाही, पाच-सहा. तांदळाचे दाणे चिकटलेले. वर लाल-पिवळा दोरा बांधलेला.

चौकीदाराने आनंदाने सगळं सांगितलं. काल संध्याकाळी हनुमानसहायजी स्कूटर न्यायला आले. त्यांनी गेटपाशी पूजा केली. शीतलामाता थंडावा देते, तेव्हा बॅटऱ्या गरम होऊ नयेत म्हणून तिलाच साकडं घातलं. दोन्ही पेट्यांना रोळीचे, म्हणजे कुंकवाचे, टिळे लावले. एक का सोडायची? वाळूतलीही बाहेर आणली. पूजा झाल्यावर एक स्कूटरमध्ये बसवली आणि एक परत ठेवली.

मयूरीने फडकं ओलं केलं. टिळे पुसले. रोळी लगेच निघाली. खाली काळं प्लास्टिक होतं. रंगाचा ठिपका नव्हता.

“पाडलेली पेटी मेळ्यात गेली,” मयूरी म्हणाली. “ते दुपारी तिथे चार्ज करणार आहेत. जनरेटर भाड्याने घेतलाय.”

मी हनुमानसहायजींना फोन लावला. रिंग वाजत राहिली. मयूरीने चौकीदाराकडून एक लोखंडी तगारी, म्हणजे घमेलं, मागून घेतली, वाळूने अर्धी भरली आणि माझ्या मांडीवर दिली. आम्ही टोंक रोडला लागलो.

रस्ता मेळ्याचा होता. ट्रॅक्टर, उंटगाड्या, डोक्यावर टोपल्या घेऊन गात चाललेल्या बायका. मयूरी हॉर्न वाजवत नव्हती. जागा मिळेल तशी पुढे जात होती. मी फोन लावत होते. चाकसू येईपर्यंत कुणी उचलला नाही.

तंबू गच्च भरला होता. ऊन चुकवायला बायका पोरांना घेऊन आत बसल्या होत्या. शिदोऱ्या सोडून थंड पुऱ्या आणि गोड भात जेवत होत्या. मध्ये स्कूटर. तिला हार. जनरेटर धडधडत होता आणि चार्जरची वायर सीटखाली गेलेली होती.

मयूरी पळाली नाही. नमस्कार करत, वाट काढत गेली आणि तिने वायर ओढली.

हनुमानसहायजी दुखावले. त्यांचा आवाज चढला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

“मैडमजी, शुभ दिन पर तार खींच दिया. बैटरी है कि बम है?”

“पता नहीं,” मयूरी म्हणाली. “इसीलिए.”

त्यांनी एकदा तंबूतल्या बायका-पोरांकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतः सीट उचलली. लोकांना बाहेर काढायचं काम त्यांनीच केलं. माताजीसाठी जागा करा, असं म्हणत त्यांनी सगळा तंबू रिकामा केला. कुणी कारण विचारलं नाही.

मयूरीने पेटीला हात लावला. कोमट, एवढंच म्हणाली. तिने पेटी सोडवली आणि वाळूच्या तगारीत ठेवली. तगारी उचलून ती नांगरलेल्या रानात एकटी चालत गेली. मला येऊ दिलं नाही. मी बांधावर उभी होते. इतकी वर्षं पुस्तकं वाचली, पण माणूस अशा वेळी कसा चालतो ते मला माहीत नव्हतं. ती सावकाश चालत होती. पाणी भरलेला हंडा नेताना चालतात तशी.

तगारी ठेवून ती परत आली. आम्ही लांब बसलो. काहीच झालं नाही. दोन पोरं चिडवायला लागली, मैडम अंडे से रही है, म्हणजे अंडी उबवतेय. ती हसली. हनुमानसहायजींनी पानाच्या द्रोणात बाजरीच्या पिठाची, ताकातली थंड राबडी आणून दिली. तिने पुसून पुसून खाल्ली.

उन्हं कलल्यावर पेटी वाळूसकट उघड्या टेम्पोतून सीतापुऱ्याला नेली.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीआड चार्जिंगला लावली. जाड काचेच्या झरोक्यातून हनुमानसहायजी धरून आम्ही तिघं बघत होतो. बराच वेळ ती नुसती पेटी होती. मग एक कोपरा फुगला. शिट्टीसारखा आवाज झाला. पांढरा धूर आला आणि त्यातून आग. नळातून पाणी यावं तशी जोरात, सरळ, न थांबणारी. समोरची भिंत काळी झाली.

मला तंबूचं कापड आठवलं. त्याखाली जेवणाऱ्या बायका आठवल्या.

हनुमानसहायजींनी झरोक्यापासून तोंड फिरवलं. म्हणाले, टीका मैंने लगाया था.

मयूरीने नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, लाल रंग निवडला मी. जयपुरात राहून, सणाच्या आदल्या दिवशी लाल ठिपका. चूक माझी आहे. यापुढे पाडलेल्या पेटीच्या वायरचा प्लगच कापून टाकायचा, म्हणजे ती कुठल्या गाडीला जोडता येणार नाही. आणि तुमची पेटी नापास. कोपऱ्यांना आतून रबर बसवून आणा, मग बघू.

ते लगेच हो म्हणाले. जाताना त्यांनी तिला हात जोडले. तिला काय करावं सुचेना, म्हणून तिनेही जोडले.

ते गेल्यावर ती पायरीवर येऊन बसली. तिने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले आणि मला घरचा नंबर लावायला सांगितलं. फोन मी तिच्या कानाशी धरला.

“बाबा, झालं,” ती म्हणाली. “कोणाला काही नाही लागलं.”

गुलाबरावांना काहीच माहीत नव्हतं. काय झालं, कोणाला लागणार होतं, असं ते पलीकडून विचारत होते. मयूरी इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.