दोन्ही पाय दाखव

"एक पाय बघून काय कळतं? दोन्ही दाखव."

आपाचं हे वाक्य आमच्या हर्सूलच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. कुणाच्या टाचेत काटा मोडला तरी ती दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवायला लावायची आणि पर्समधून शिंप्याची पिवळी टेप काढायची. "आपा, पायजमा शिवायचा नाय, काटा काढायचाय," लोक म्हणायचे. तीही हसायची. टेप मात्र आत जायची नाही.

ती छावणीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. खरं नाव दुसरंच, पण सगळी गल्ली आपा म्हणायची. मी मालिशवाली. बाळंतीण आणि बाळ चोळणं हा माझा धंदा, शाळा चौथीपर्यंत. आमचं दोघींचं पटायचं नाही, हे आधीच सांगून टाकते. दवाखान्यात ती बाळंतिणीला सांगायची, पाणी पी, उठून फिर. तीच पोरगी घरी आली की मी सांगायची, पाणी कमी पी, पोट सुटतं. सव्वा महिना खाट सोडू नको. खाटेखाली शेगडी, अंगावर गोधडी. पोरगी घामानं निथळायची आणि घोटभर पाण्याला तरसायची. तुमच्याही घरात हे झालं असेल.

एकदा माझ्या नवऱ्याला सलाईन लावलं होतं. घरी आल्यावर त्याच्या हाताची शीर लाल झाली, गरम, सुतळीसारखी कडक. आपानं त्याचे दोन्ही हात शेजारी धरून बघितले.

"वरची शीर सुजलीय, मावशी. सुईनं होतं असं. शेक द्या, चोळू नका. लाली वर चढली नाहीतर ताप आला तर सांगा. ही दिसते, म्हणून हिची भीती कमी. आतली दिसत नाय, ती खरी बदमाश."

आतली म्हणजे कोणती, ते मी विचारलं नाही. तिच्याकडून शिकायचा मला कमीपणा वाटायचा.

पुढं माझ्या सुनेचं सिझर झालं. दहाव्या दिवशी डावा पाय दुखायला लागला. पोटरी टम्म, गरम, कातडी चकाकत होती. मी म्हटलं, वात धरला. तेल कोमट केलं, पदर खोचला, पाय मांडीवर घेतला. तेवढ्यात आपा बाळाला टोपडं घेऊन आली.

तिनं आधी तेलाची वाटी उचलून लांब ठेवली. "दोन्ही पाय दाखव, बेटा." गुडघ्याखाली सहा बोटं मोजून तिनं बाळाच्या काजळानं दोन्ही पायांवर ठिपका काढला आणि तिथं टेप गुंडाळली. डावा पाय दोन बोटं जाड निघाला.

"मावशी, आतल्या शिरेत रक्त गोठलंय. हात नक्को लावू. चोळलं तर गुठळी सुटंल आणि सीधी फुप्फुसात जाईल."

"तीस वर्षं चोळतेय. माझ्या हातानं कुणी मेलं नाय."

"तुम्हाला कसं कळणार?" ती आवाज न चढवता म्हणाली.

त्याच क्षणी मला कळलं. खालच्या आळीतली एक बाळंतीण. तिचाही एकच पाय सुजला होता. दोन दिवस मी तो दाबून चोळला. तिसऱ्या सकाळी तिच्या छातीत कळ आली, श्वास लागला आणि ती गेली. लोक म्हणाले नजर लागली. मीही म्हणाले.

रिक्षात सुनेला धाप लागली. आपानं तिचा पाय हलू दिला नाही, मी बाळ धरलं. दवाखान्यात सोनोग्राफी झाली, छातीचा स्कॅन झाला. गुठळी मांडीपर्यंत चढली होती आणि एक बारीक तुकडा फुप्फुसात पोचला होता. पोटावर सुया, मग सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. सून वाचली. तो पाय अजून संध्याकाळी जड होतो, घट्ट मोजा घालते ती.

घरी आल्यावर मी आपाला खालच्या आळीतलं सगळं सांगितलं. तिनं "काही हरकत नाही" असलं खोटं म्हटलं नाही. टेप माझ्या हातात दिली. "आकडे वाचता येतात?"

"चौथी शिकलेय."

"बस झालं."

मी स्वतःची टेप घेतली. त्या दिवसापासून मी आधी पाय मोजते, मग तेलाला हात लावते. शेगडी बंद केली, पाणी चालू केलं. जुन्या बाया तोंड वाकडं करायच्या. आपा मात्र तिच्या दवाखान्यातून बाळंतिणी माझ्याकडं पाठवायची. "त्या मावशीकडं जा. डोळे आहेत तिच्या हाताला." शाळेत मला कुणी शाबासकी दिली नव्हती.

मागच्या हिवाळ्यात आपा हृदयविकारानं गेली. मी गेले तेव्हा तिला पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं. अंगठे बांधलेले, दोन्ही पाय शेजारी-शेजारी. तिच्या लेकीनं आपाची ती पिवळी टेप मला दिली. तिचे पहिले आकडे पुसून गेलेत, म्हणून मी दहापासून मोजते.

परवा क्रांती चौकाकडच्या एका घरात दोन बोटं फरक निघाला. पोरीला तशीच दवाखान्यात नेली. तपासून झाल्यावर तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "आजी, वेळेत आणलंत. हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी आपाचं पूर्ण नाव सांगितलं. त्यानं मान हलवली, पण लिहून घेतलं नाही. म्हणून परत सांगितलं आणि त्यानं पेन उचलेपर्यंत तिथंच उभी राहिले.