मुजावर सर आणि पुढचे अंक

सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात माइक होता. लोणावळ्यात एका पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन चाललं होतं, पाहुण्यांना यायला उशीर झाला होता आणि तोवर लोकांना खुर्च्यांवर बसवून ठेवायची जबाबदारी माझ्यावर होती. खिशात फोन थरथरला. स्टेजच्या कडेला सरकून नाव बघितलं, तर शबानाचं, सरांच्या मुलीचं. ती कधी भरदुपारी फोन करत नाही. मी उचलला. ‘‘काका, अब्बा गेले,’’ एवढंच ती म्हणाली. मी ‘आलोच’ म्हणालो, फोन ठेवला आणि परत माइकपाशी जाऊन अर्धा राहिलेला विनोद पूर्ण केला... लोक हसलेसुद्धा. मी विम्याचा एजंट. पोट त्यावर भरतं, पण जीव सूत्रसंचालनात. बारसं असो की तेरावं, आमच्या गावात माइक माझ्याकडेच येतो, आणि आला की मला सोडवत नाही. त्या दिवशी सरांच्या घरी मी सगळ्यांत शेवटी पोहोचलो.

कासम मुजावर हे नाव मावळाबाहेर फारसं कुणाला माहीत नसेल. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि रविवारी इतिहासाच्या मागे हिंडायचे. लोहगडवाडीपासून आंबीपर्यंत ज्या गावात त्यांनी कुणाच्या तरी ओसरीवर बसून चहा घेतला नाही असं गाव शोधावं लागेल. कुठं लढाईत पडलेल्याचा वीरगळ आहे, कुठल्या टाक्याचं पाणी आटत नाही, कुठल्या वाडीचं नाव कधी आणि का बदललं, हे त्यांना विचारावं. माझी त्यांची ओळख झाली ती मी पॉलिसी विकायला गेलो म्हणून. तासभर मी बोललो, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पॉलिसी नको. पण तुम्ही बोलता चांगलं. रविवारी मोकळे आहात का? मला लोकांशी बोलायला जरा संकोच वाटतो.’’ पॉलिसी शेवटपर्यंत घेतली नाही, रविवार मात्र माझे सगळे घेतले. गावात शिरलं की लोकांना बोलतं करायचं काम माझं आणि ऐकायचं काम त्यांचं. परतताना ते मला हळूच सांगायचे की आज म्हाताऱ्याला बोलू दिलं असतंत तर बरं झालं असतं. मी दर वेळी कबूल करायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

पावसाळ्यात हिंडणं बंद झालं की आम्ही गावातल्या जुन्या वाचनालयात बसायचो. तिथं आमच्या भागातल्या, आता बंद पडलेल्या एका साप्ताहिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. लोणावळ्याच्या दमट हवेनं पानं एकमेकांना चिकटलेली, कडा कसरीनं खाल्लेल्या. सर बरोबर एक पातळ पट्टी आणायचे आणि पान सोडवताना श्वास रोखून धरायचे. मला हवं ते सापडलं की मी उठून आळस द्यायचो. ते उठायचे नाहीत. ‘‘बातमी सापडली की तिथंच थांबायचं नाही हो,’’ ते म्हणायचे. ‘‘पुढचे चार अंक बघायचे. ज्याच्याविषयी छापलंय तो माणूस कचेरीत येऊन भांडून जातो, मग कुठं तरी खालच्या कोपऱ्यात खुलासा येतो. बातमी सगळे कापून ठेवतात. खुलासा कुणी कापत नाही.’’ हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांची नक्कल करताना हेच वाक्य घ्यायचो. शबानासुद्धा त्या नकलेला हसायची.

शोकसभा ठरली आणि सरांच्या विद्यार्थ्यांनी परिचय करून द्यायला मला सांगितलं. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं बरोबर हिंडूनही या माणसाच्या आयुष्याविषयी मला काहीच माहीत नाही. त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी माझंच सांगत होतो. मग वाचनालयात जाऊन त्याच बांधलेल्या अंकांत सरांना शोधत बसलो. त्यांचीच पट्टी शबानाकडून मागून नेली होती. आणि सर भेटत गेले हो! तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस... संकोची सर आणि वक्तृत्व! पुढे शाळेत नेमणूक झाल्याबद्दल मित्रमंडळाकडून अभिनंदन. मग बाजारपेठेतल्या गटाराविषयी संपादकांना लिहिलेलं सणसणीत पत्र. एका अंकात तर ‘काळी छत्री हरवली आहे, आणून देणाऱ्यास चहा’ अशी जाहिरात आणि खाली त्यांचं नाव. मी एकटाच हसलो आणि मग एकटाच रडलो. जिवंतपणी या छत्रीवरून त्यांना चिडवता आलं असतं.

आणि मग ती बातमी सापडली. पहिल्या पानावर, ठळक मथळ्याची : ‘गोठ्यात दडवलेली प्राचीन शिळा शिक्षकाने शोधून काढली.’ भाजे गावात गणपत शेलार नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात, पेंढ्याखाली लपवलेला एक कोरीव वीरगळ श्री. मुजावर यांनी चिकाटीने शोधला आणि गावाच्या हवाली केला, असा मजकूर होता. शेजारी शिळेला टेकून उभे असलेले, काळ्याभोर केसांचे सर. मला हर्ष झाला. परिचयाला असा एक तरी प्रसंग लागतोच, ऐकणारा पुढं सरकून बसतो. मी मोबाइलवर फोटो काढला, खंड मिटला आणि चहाला गेलो. पुढचे अंक बघितले नाहीत. घाई नव्हती, वाचनालय बंद व्हायला अवकाश होता. मला हवं ते मिळालं होतं, एवढंच.

शोकसभेत तो प्रसंग मी रंगवला. बातमीत नव्हतं तेही घातलं. अंधारा गोठा, मालकाची चुळबुळ, सरांचा करारी आवाज, ‘पेंढा बाजूला करा’... माणसं भारावून ऐकत होती. बोलता बोलता मला दिसलं, शेवटच्या रांगेत हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बाई उठली, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेली. मळवलीला उतरणारी असेल, लोकल गाठायची असेल, असं मनात आलं आणि मी पुढचं वाक्य घेतलं. सभा संपल्यावर लोकांनी हात हातात घेतले. कुणी तरी भाषणाचा व्हिडिओ काढला होता, तो रात्रीतून मावळातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. मीही तो चार ठिकाणी पाठवला.

आठवडा गेला असेल. शबानाचा फोन आला. आवाज तुटक होता. ‘‘काका, तुम्ही पुढचे अंक बघितले होते का?’’ मला वाटलं चेष्टा करतेय, मी सवयीनं सरांची नक्कल सुरू केली. ती हसली नाही. म्हणाली, ‘‘भाज्याच्या हौसामावशी सभेला आल्या होत्या. गणपत शेलारांच्या सूनबाई. अब्बांसाठी आल्या होत्या, आणि तुमचं ऐकून उठून गेल्या.’’

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो. तिसऱ्याच अंकात सापडलं. आतल्या पानावर, एका औषधाच्या जाहिरातीखाली, चार ओळी. शिळा दडवलेली नव्हती. बांधावरचे दगड खडीसाठी फुटू लागले तेव्हा गणपत शेलार यांनी ती बैलांकरवी ओढून घरी आणली, जपली आणि श्री. मुजावर यांना स्वतःहून दाखवली. मूळ बातमीतील मजकूर चुकीचा होता. सरांच्या वीरगळांवरच्या पुस्तिकेतही ‘शेलारांच्या जपणुकीतली शिळा’ असं छापलेलं आहे. ती पुस्तिका सही करून त्यांनी मला दिली होती आणि मी ती वाचली होती, म्हणजे चाळली होती.

मी भाज्याला गेलो. लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर हौसामावशींची काकड्या, करवंदं आणि लिंबू सरबताची गाडी आहे. गर्दी नव्हती. मी नाव सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, ‘‘भाषनवाले न्हवं तुमी?’’ मी हो म्हणालो. खाली बसायला त्यांनी सांगितलं नाही. मी उभ्यानंच चूक कबूल केली, मोबाइलमधला खुलाशाचा फोटो पुढं केला. त्यांनी त्याकडे बघितलं नाही. सुरीनं काकडी सोलत राहिल्या.

‘‘पयल्या बारीला छापलं तवा लोक रातचं गोठा उकरून गेलं, गुप्तधन हाय म्हून. पोलीस आलं. माज्या नणंदंची ठरल्याली सोयरीक मोडली. सासरा मेला तरी लोक म्हनत्यात, हंडा सापडल्याला. आता कुटं जरा इसरलं हुतं.’’ त्या थांबल्या. ‘‘नातू आंबीला कंपनीत हाय माजा. तिथल्या पोरांनी त्यो तुमचा व्हिडिओ दावला त्येला. म्हनत्यात, हंडा काढ की बाहेर.’’

मी म्हणालो, मी ग्रुपवर दुरुस्ती टाकतो, पेपरात लिहितो. हे लिहितोय तेही त्याच शब्दाखातर. पण त्यांनी मान हलवली. ‘‘वाचत्यात व्हय लोक? सर काय करायचे ठावं हाय का तुमास्नी?’’

मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं. खुलासा छापून आला, पण तो कुणी वाचला नाही, हे सरांना कळलं होतं. आपण उत्साहानं साप्ताहिकाच्या बातमीदाराला जाऊन सांगितलं, म्हणून हे घडलं, असं ते धरून बसले होते. त्या वर्षी चैत्रात भाज्याच्या जत्रेत सर आले, देणगीदारांची नावं वाचून झाल्यावर त्यांनी माइक मागून घेतला आणि साऱ्या गावापुढं सांगितलं. पुढच्या वर्षी परत आले. मग दर वर्षी. गणपतराव गेल्यावरही. चैत्रातला एक रविवार सर मला ‘आज नको’ म्हणायचे, ते मला आठवलं. मी समजायचो त्यांच्या नात्यात काही असेल. जो माणूस ओसरीवर चार जणांत बोलायला संकोचायचा आणि त्यासाठी मला बरोबर न्यायचा, तो जत्रेच्या माइकवर एकटा जाऊन उभा राहायचा. आणि त्या दिवशी मला बरोबर न्यायचा नाही! का, ते मी विचारू शकत नाही आता. कदाचित त्यांना माझी भीती वाटत असेल, मी तिथंही काही तरी रंगवेन म्हणून. वाटली असेल तर ती खरीच ठरली.

‘‘जत्रा आयतवारी हाय,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘औंदा कोन बोलनार?’’

रविवारी गेलो. देवळापुढं आखाडा तयार होता, लहान पोरांच्या नारळाच्या बक्षिसाच्या कुस्त्या संपल्या होत्या, लाउडस्पीकरवर देणगीदारांची नावं चालली होती. पाराला लागून ती शिळा चौथऱ्यावर उभी आहे. कुणी तरी तिला हार घातला होता. जत्रा कमिटीचे एक आबा यादी वाचत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की मला मुजावर सरांचं बोलायचंय. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘सर गेलं व्हय? तरीच दिसलं न्हाईत,’’ म्हणाले, यादी संपवली आणि माइक माझ्या हातात दिला. ‘‘लांबवू नका पर. सर चारच वाक्यं बोलायचे.’’

मी लिहून नेलं होतं, तो कागद खिशातच ठेवला. म्हणालो, ही शिळा गणपत शेलार यांनी खडीवाल्यांच्या हातून वाचवली. त्यांनी ती लपवली नव्हती, स्वतःहून दाखवली. पूर्वी छापून आलं ते खोटं होतं, आणि गेल्या पंधरवड्यात लोणावळ्याच्या सभेत जो माणूस तेच खोटं वाढवून बोलला तो मी आहे. बस. पैलवान लंगोट आवळत होते, पोरं पिपाण्या वाजवत होती. ऐकणाऱ्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही. मी माइक आबांना परत द्यायला हात पुढं केला.

गर्दीच्या कडेला हौसामावशी त्यांची गाडी घेऊन उभ्या होत्या. शेजारी एक तरणा पोरगा होता, नातूच असावा. त्या तिथूनच ओरडल्या, ‘‘सासऱ्याचं नाव नीट ऐकू आलं न्हाई. सर दोनदा घ्यायचे.’’

आबांनी माइक घेतला नाही. मी नाव पुन्हा घेतलं.