पिवळ्या दिव्याचं पान

मी ग्रंथपाल होते, घाटकोपरच्या एका शाळेत. आयुष्य पुस्तकांत गेलं, आणि भुताखेतांची पुस्तकं मी 'कल्पित' असं लिहिलेल्या कपाटात ठेवत आले. या सदरातले अनुभव वाचतानाही माझं मन त्याच कपाटाकडे जायचं. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं मला थोडं हसू येतं... आणि हात जड होतो. सावकाश लिहितेय. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. आम्ही विक्रोळी पूर्वेला, हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. एक खोली, स्वयंपाकघर, मोरी. घरात तिघं – आई, मी, आणि माझ्याहून नऊ वर्षांनी लहान सतीश. वडील आधीच गेले होते. आईने वीस वर्षं गिरणीत, रिळं भरायच्या खात्यात काढली. त्या आवाजाने तिचे कान गेले ते गेलेच. दार वाजवा, बेल मारा, तिला काही कळायचं नाही.

सतीश डिप्लोमा करून एका कारखान्यात लागला होता. त्याला नाद एकच – सर्किटं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि रविवारभर सोल्डरिंगचा धूर. एकदा त्याने अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा मोरीत बसवला. शेजारच्या सावंतकाकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अरे, बिल कमी करणारा दिवा बनव, मग मानेन!"

मग त्याने जुना मायक्रोप्रोसेसर किट विकत आणला. वहीएवढा बोर्ड, वर कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि लाल आकडे. तो त्याने आईसाठी लावला. दारावरची बेल या किटला जोडली, आणि ओट्याच्या वर भिंतीवर तीन बल्ब बसवले, रंगीत जिलेटिन कागद गुंडाळून. बेल कशी वाजली ते किट ओळखायचा. एकदाच दाबली तर लाल – परका माणूस. दोनदा छोटी – हिरवा, म्हणजे मी. एक लांब, दोन छोट्या – पिवळा, म्हणजे सतीश. दिवा पाच सेकंद जळायचा. आईला ते इतकं आवडलं की ती दिव्यांनाच आमच्या जागी धरू लागली. "हिरवी इली," म्हणत दार उघडायची.

एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. या किटला वीज गेली की काही आठवत नसे. सगळा प्रोग्राम पुसला जायचा, आणि पहिल्यापासून एकेक आकडा बटणं दाबून भरावा लागायचा. सतीशने ते आकडे वहीत सात पानांवर लिहिले होते. मी वाचायची, तो दाबायचा. "थ्री-ई... झीरो-थ्री... डी-थ्री..." मला त्यातलं एक अक्षर कळत नसे. तो म्हणायचा, "ताई, तू आरती म्हटल्यासारखं वाचतेस. जरा स्पीड घे ना यार!"

पाच सेकंदांचं आईला जमेना. ती मोरीत असली की दिवा लागून विझून जायचा. म्हणून सतीशने दाराच्या चौकटीत एक बारीक स्विच बसवला, फ्रीजच्या दारात असतो तसा, आणि पिवळ्या दिव्याचं पान, म्हणजे सातवं, नव्याने लिहिलं. त्या संध्याकाळी तो तो कागद घेऊन माझ्यापुढे आला.

"ताई, वीसच ओळी आहेत. वाच ना. आता आई दार उघडेपर्यंत दिवा विझणारच नाही."

मी पेपर वाचत होते. दिवसभर शाळेत पुस्तकांची मोजदाद झाली होती. म्हटलं, "उद्या वाचते रे. आज डोळे गेलेत."

"बरं, उद्या. तोवर कारखान्यातल्या मिलिंदला दाखवतो." त्याने कागदाची घडी करून उद्या घालायच्या शर्टाच्या खिशात ठेवली. जुनं पान आधीच फाडून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची शाळा, मी लवकर निघाले. माझ्यामागून सतीश निघाला, खाली उतरला, आणि डबा राहिला म्हणून परत वर आला. किल्ली एकच, ती माझ्याकडे. त्याने बेल वाजवली. एक लांब, दोन छोट्या. आई मोरीत कपडे धूत होती. त्याने पुन्हा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. सावंतकाकूंनी जिन्यातून पाहिलं. "आता शिफ्ट चुकणार माझी," असं म्हणत तो धावत उतरला. हायवे ओलांडताना त्याला टेम्पोने उडवलं.

हॉस्पिटलात शर्ट कापून काढला होता. तो कुठे गेला ते कुणाला सांगता आलं नाही.

सावंतकाकूंनी बेलचं आईला सांगायला नको होतं. रडता रडता बोलून गेल्या, हातवारे करून, तीन बोटं दाखवून. त्या दिवसापासून आई ओट्यापुढे पाट टाकून, दिव्यांकडे तोंड करून बसली. तो वेडा हट्ट नव्हता. स्मशानाकडे नेताना तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला होता; तो नाही हे तिला माहीत होतं. ती फक्त एवढंच म्हणायची –

"तो उपाशी गेलो. दिवो लागलो आणि माका दिसलो नाय."

आणि जेवायची नाही. तेरा दिवस चहा आणि घोटभर पेज. पाहुणे गेले तसं तेही बंद झालं. दोन दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत बघा, नाहीतर ॲडमिट करावं लागेल. या वयात शरीर थांबत नाही." मी तिच्यापुढे पाटी धरली, लिहिलं, 'माझ्यासाठी दोन घास.' तिने पाटी हळूच उलटी ठेवली.

मी पेपर वाचत होते हे मी तिला सांगितलं नव्हतं. आजतागायत कुणालाच सांगितलेलं नाही.

मग मी ठरवलं की खोटं बोलायचं. बाहेर जाऊन त्याच्यासारखी बेल वाजवायची. पिवळा लागेल, आई उठेल, दार उघडेल... पुढे काय, ते मी ठरवलंच नव्हतं. नुसतं ती उठायला हवी होती.

पण पाहुण्यांच्या आंघोळीला लावलेल्या हीटरने चौथ्या दिवशीच फ्यूज उडवला होता. किट रिकामा झाला होता. आई बारा दिवस मेलेल्या दिव्यांसमोर बसली होती.

त्या संध्याकाळी मी वही काढली. स्वतःच वाचायचं, स्वतःच दाबायचं. थ्री-ई... झीरो-थ्री... सहा पानांना दोन तास लागले. सातवं नव्हतंच. त्या जागेत मी काहीच भरलं नाही, काय भरणार? बाहेर जाऊन पाहिलं. हिरवा लागला. लाल लागला. सतीशची बेल वाजवली तर किट अडकला, आकड्यांच्या जागी भलत्याच रेघा. रीसेट दाबून पुन्हा चालू केला. पुन्हा वाजवली, पुन्हा अडकला. तीनदा करून पाहिलं. शेवटी पुन्हा चालू करून ठेवला, निदान लाल-हिरवा तरी राहू दे म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मी मिलिंदकडे गेले. तो सतीशचा कारखान्यातला मित्र, दोन इमारती सोडून राहायचा. तो ते पान लिहू शकला असता. त्याची आई म्हणाली, "फर्स्ट शिफ्ट हाय बाय त्याची. चारला येतो."

चार! मी जिने चढून आले ते कशी आले आठवत नाही. किल्ली माझ्या मुठीत होती. दारापुढे उभी राहिले आणि किल्ली लावता येईना. आत ती तशीच बसलेली असणार. मी बेलवर बोट ठेवलं. एक लांब... दोन छोट्या. दिवा लागणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. मग का वाजवली? दुसरं काही करायला उरलं नव्हतं म्हणून. कपाळ दाराला टेकवून उभी राहिले.

किती वेळ गेला? दोन मिनिटं, जास्तही असतील. आतून भिंतीला घासत येणारा हात ऐकू आला. लॅच उघडलं.

आई दारात उभी होती. चौकट घट्ट धरून, धापा टाकत. तिने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड चोरासारखं झालं असणार.

"आई, मी..."

तिला ऐकू येत नव्हतं, पण तिने मान हलवली.

"बेल तू वाजवलंस. माका कळता गो." मग वळून तिने ओट्याकडे बोट केलं. "दिवो तेणा धरून ठेवल्यान. माका उठूक होयना. पडलंय, परत उठलंय... तरी पेटलोलोच. मी दारात येईपर्यंत थांबलो तो आज. घाई केली नाय."

मी आत पाहिलं. दिवा विझलेला होता. दार उघडलं होतं ना.

"पेज वाढ," आई म्हणाली.

ती जेवली. वाटीभर, मग अजून अर्धी.

ती झोपल्यावर मी किटपाशी गेले. मेमरीत काय आहे ते कसं बघायचं एवढं सतीशने मला शिकवलं होतं. सातव्या पानाच्या जागेवर गेले, आणि एकेक आकडा कागदावर उतरवून घेतला. चार वाजता मिलिंद आला. त्याने कागद घेतला, पेन्सिलीने शेजारी अर्थ लिहीत गेला, आणि मध्येच थांबला.

"ताई, हे कुठून मिळालं? त्याचा कागद सापडला?"

मी सांगितलं. त्याने कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाला, "असं बघा, प्रोसेसर भरकटला ना, की मेमरीत कुठेही काहीही लिहितो. तुम्ही तीनदा अडकवलात. कचरा भरला जातो. होतं असं."

"मग हा कचरा आहे?"

त्याने कागदावर बोट ठेवलं. "हे दिवा लावतं. आणि हे दाराचा स्विच बघत बसतं, दार उघडेपर्यंत. बरोब्बर वीस ओळी." "कचऱ्याला कसं कळणार ताई, की सतीशने दाराचा स्विच कुठल्या पिनला जोडलाय?"

आई त्यानंतर आठ वर्षं जगली. मी पुन्हा कधी ती बेल वाजवली नाही, आणि तिनेही वाजवायला सांगितलं नाही. वीज जायची, तेव्हा मी सातही पानं भरायची, सातवं माझ्याच अक्षरातलं.

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. मिलिंद आता निवृत्त आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याने नवीन शक्यता सांगितली. म्हणाला, "ताई, तुम्ही त्याचा तो कागद आधी एकदा नजरेखालून घातला असणार. मन ठेवून घेतं. आणि भरताना तुमच्याच हाताने, नकळत..."

मी मान हलवली, त्याला वाईट वाटू नये म्हणून. सतीशने तो कागद माझ्यापुढे धरला तेव्हा मी पेपरमधून मान वर केली नव्हती. केली असती, वीस ओळी वाचल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा विझलाच नसता, आणि त्याला त्याचा डबा मिळाला असता.