मानवलं का?

चौकशीरावांच्या खुर्चीत बसलेला माणूस केस कापून उठेपर्यंत निम्मा उलगडलेला असायचा. न्हावी म्हणून हात हलका आणि तोंड त्याहून हलकं. गवंडी बसला तर भिंतीला ओल कुठून येते, वाहनचालक बसला तर ब्रेक लावल्यावर जळका वास का येतो, सगळं खोदून खोदून विचारणार. खरं नाव काय, ते त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागे.

अशा माणसाच्या दोन्ही किडन्यांनी मान टाकली, तेव्हा थोरल्या बहिणीनं, ताईनं, आपली एक देऊ केली. ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, घर डोक्यावर घेतलं. "भाऊ तुझा आहे, पण बायको माझी आहे!" ताई बधली नाही. दाजींनी मग मेहुण्याच्या दुकानाची पायरी चढणं बंद केलं. दुसऱ्या न्हाव्याकडे जायला मन घेईना, म्हणून दाढी वाढवली.

किडनी कामाला लागली. पण शरीराचे पहारेकरी मोठे संशयी, परकं दिसलं की तुटून पडणार. त्यांना गप्प ठेवायला गोळ्या सुरू झाल्या आणि त्या गोळ्यांनी चौकशीरावांचे हात कापू लागले. वस्तरा कपाटात गेला. केस मशीननं व्हायचे, दाढीचं काय? "अशा हातापुढे कोण गळा देईल? मी तरी देईन का?" असं म्हणून ते हसायचे आणि आरसा पुसायला वळायचे. फार लागलं होतं त्यांना ते.

डॉक्टरीणबाईंनी मात्र किडनीपाठोपाठ ताईच्या रक्त घडवणाऱ्या पेशीही त्यांच्या अंगात सोडल्या होत्या.

"त्या कशाला?" चौकशीरावांनी विचारलंच.

"पहारेकऱ्यांना कायम दमात ठेवण्यापेक्षा त्यांच्यातच ताईंकडचे थोडे भरती केलेत. एकत्र नांदले, तर किडनीला परकी म्हणणार नाहीत. मग गोळ्या बंद करता येतील. सगळ्यांनाच जमतं असं नाही हं."

"म्हणजे माझ्या रक्तात ताई फिरतेय?"

"थोडीशी."

"तरीच! हल्ली पसारा दिसला की मीच ओरडतो."

"पण पटलं की नाही, ते कळणार कसं?" त्यांनी पुढे विचारलं. त्यावर डॉक्टरीणबाईंनी 'सहिष्णुता' असा एक जडजंबाल शब्द काढला. शेजारी बसलेली ताई म्हणाली, "अहो, मानवलं म्हणा की! मला सासरचं पाणी मानवायला वर्ष लागलं. आधी नुसता ताप आणि खोकला."

तेव्हापासून रक्त तपासलं की चौकशीरावांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मानवलं का?" आणि डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "मानवतंय." गोळ्या कमी होत गेल्या. हातांची थरथरही उतरू लागली. शेवटी एकच गोळी उरली.

ती बंद करायचं ठरतंय म्हटल्यावर दाजींचा फोन आला. "माझ्या बायकोच्या पोटातली वस्तू आहे ती. तुझ्या हौसेपायी वाया गेली, तर दुसरी द्यायला आहे का तिच्याकडे?"

चौकशीरावांनी फोन ठेवला आणि ताईला गाठलं. ते ताईला म्हणाले, "राहू दे गोळी. हात कापले तर कापू देत."

"खुळा आहेस का? दिलेली वस्तू मी परत मागितलीय का? त्या गोळ्याही किडनीला हळूहळू खातात म्हणे. होऊ दे काय व्हायचं ते."

गोळी थांबली. पुढच्याच तपासणीत, किडनीनं गाळायच्या घाणीचा रक्तातला आकडा वर गेला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरीणबाईंनी उलटतपासणी घेतली, तेव्हा कळलं की दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलण्याच्या नादात हे महाशय पाणीच प्यायले नव्हते! ताईनं बरं फैलावर घेतलं. पाणी पोटात गेलं, आकडा खाली आला आणि पुढे बरेच महिने खालीच राहिला. मग एकदा डॉक्टरीणबाई विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मानवलं."

त्याच आठवड्यात दाजी दुकानात आले. दाढी छातीपर्यंत. थेट खुर्चीत बसले.

चौकशीरावांनी मशीन उचललं.

"ते नको. वस्तरा घे."

कपाट उघडलं. नवं पातं चढलं, फेस झाला. बाकावरच्या गिऱ्हाइकांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली.

"आज काही विचारत नाहीस?" फेसातून दाजी म्हणाले.

"विचारतो. भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण त्या हातात माझी बायकोही आहे म्हणतात." दाजींनी मान मागे टाकली, डोळे मिटले. "तिला माझा गळा कापायचा असता, तर केव्हाच कापला असता. चालव."