तांबडा कुत्रा

मी ब्लाउज शिवते, असं अजूनही तोंडातून निघून जातं. शिवायचे, असं म्हणायला हवं. बेलवलीतल्या आमच्या घरात खिडकीखाली मशीन आहे, त्यावर आता इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं वळत नाहीत. कात्री धरायला नेमकी तीच लागतात.

अपघात भर दुपारचा. उल्हासनगरहून अस्तराचं कापड आणि हुकांची पाकिटं घेऊन मी रस्त्याच्या कडेकडेने घरी येत होते. समोरून टेम्पो आला. चालवणाऱ्याची मान खाली, एका हातात मोबाइल, आणि चेहऱ्यावर हसू. ते हसू मला अजून दिसतं आणि अजून तितकाच राग येतो. टेम्पो रस्ता सोडून अंगावर आला, मी पडले आणि हात चाकाखाली सापडला. तो खाली उतरला तेव्हाही मोबाइलमधला माणूस विनोद सांगतच होता. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तू?"

तो माझ्या माहेरचा, जांभूळचा निघाला. आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारा. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन फिरवलेलं, आता तो दोन मुलांचा बाप. एखाद्या परक्याने उडवलं असतं तर आज माझं बरं चाललं असतं. हे वाक्य मी विचार करून लिहिते आहे.

तिसऱ्या दिवशी त्याची आई दवाखान्यात आली. गावच्या लेकीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून येताना तांदूळ, नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन आली होती. तिथेच, खाटेवर, तिने माझी ओटी भरली. दवाखान्याच्या गाउनला पदर कुठला? मी डाव्या हाताने अंगावरची चादर पुढे केली. शेजारच्या खाटेवरची बाई सलाइन विसरून बघत राहिली.

"बाय, माजे पोराला सांभाल," म्हातारी म्हणाली. "तू भरपाई मांगलीस तं आमाला जागा विकावी लागंल."

नवरा अंबरनाथच्या कारखान्यातून थेट तिथे आला होता. तो एवढंच म्हणाला, "माहेर तुझं आहे. तू ठरव." मी काय ठरवणार होते? ओटीत माहेरचा नारळ होता. दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा मी सांगून टाकलं, की कुत्रा आडवा आला, त्याला वाचवायला गेला बिचारा.

"कसला कुत्रा?"

"तांबडा. एका कानाला चावा घेतलेला."

आपल्याला इतकं सफाईने खोटं बोलता येतं, याचं मला त्या दिवशी जरा कौतुकही वाटलं. सही करायला हात नव्हता, म्हणून डावा अंगठा उमटवला. चांगली दहावी पास आहे मी.

मग दोन ऑपरेशनं झाली. बोटं सुधारतील, सुधारतील, असं म्हणता म्हणता डॉक्टरांनी ते म्हणणं सोडलं. गिऱ्हाइकं आधी थांबली, मग हळूहळू शिरगावच्या एका टेलरकडे जाऊ लागली. त्यातल्याच एकीने उल्हासनगरच्या वकिलांचं नाव सुचवलं. नवऱ्याला बरोबर घेऊन मी गेले. वकिलांनी गाडीचे आणि पोलिसांचे कागद मागवले, माझा जबाब वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बहनजी, ये कुत्ता किधर से आया?"

मी खरं काय ते सांगितलं. ओटीचंही सांगितलं. त्यांनी गाडीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"गाडी का इन्शुरन्स चालू था. गलती ड्रायव्हर की लिखवाती, तो पैसा कंपनी देती. उसकी जमीन को कोई हाथ भी नहीं लगाता."

म्हणजे त्या म्हातारीची जागा कधी जाणारच नव्हती. मी हात घालवला आणि खोटं बोलून वाचवलं कुणाला, तर विमा कंपनीला, जिच्या माणसाने माझ्यापुढे नारळ सोडाच, साधं लिंबूसुद्धा ठेवलं नव्हतं. घरी आल्यावर नवऱ्याने भेंडी चिरायला घेतली. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तरीही दावा लावला. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी कंपनीच्या वकिलांनी माझा जबाब मलाच वाचून दाखवला. फार सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. तांबडा, एका कानाला चावा घेतलेला, हे त्यांनी सावकाश वाचलं. "इतकं बारीक तुम्हाला दिसलं, बाई, आणि ड्रायव्हरच्या हातातला मोबाइल जबाबात कुठेच नाही?" कोर्टात कुणीतरी हसलं. कुत्र्याचा कान कुणी मागितला होता माझ्याकडे?

बाहेर आल्यावर आमचे वकील म्हणाले, आता एकच रस्ता. ड्रायव्हरने स्वतः येऊन खरं सांगितलं तर काही होईल.

म्हणून मी जांभूळला गेले. तो अंगणात टेम्पो धूत होता. मी सगळं समजावलं, जागेला धक्का लागत नाही, पैसे कंपनी देते, तू फक्त मोबाइल बघत होतास एवढं बोल. त्याने नळ बंद केला.

"ताई, ते बोललो तं माझेवर केस होल. लायसन जाल. पोरा काय खातील?" त्याला रडू आलं. खोटं रडू नव्हतं ते. "तू सांग ना, मी काय करू?"

त्याला शिव्या द्यायच्या, असं रस्ताभर ठरवून आले होते. एकही दिली नाही.

मी निघाले तशी म्हातारी आतून लगबगीने आली. हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ आणि हिरवा ब्लाउजपीस. माहेरवाशीण तशीच कशी जाऊ द्यायची? मी डाव्या हाताने पदर पुढे केला. तिने ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं आणि सवयीने म्हणाली, "शिवून घाल हां, बाय."

मी हो म्हटलं.