मामांचा बियरचा परवाना

कोकणातले माझे मामा मुंबईला यायचे ते फक्त खायला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हा त्यांनी पोस्टकार्डावर बेत कळवला: सोमवारी गिरगावात थालीपीठ, मंगळवारी दादरला मिसळ, बुधवारी लालबागला बांगड्याचं तिखलं, गुरुवारी बियर. बियर त्यांनी जन्मात चाखली नव्हती.

तेव्हा दारूबंदी होती. दारूवाचून या माणसाची प्रकृती ढासळते, असं डॉक्टरनं लिहून दिलं तरच सरकार परवाना देई. आमच्या परळच्या डॉक्टरनं मामांना न बघताच तसं लिहून दिलं. तोच मजकूर असलेला परवाना मी मामांच्या नावावर काढून ठेवला.

मामा आले आणि हरताळ सुरू झाला. तीन दिवस खानावळी बंद. मामांनी आमच्या चाळीत तिन्ही दिवस पिठलं खाल्लं आणि गॅलरीतून घोषणा दिल्या. गुरुवारी दुकानं उघडली, बाटली घरी आली. मामांनी एक घोट घेतला.

“कारल्याचं पाणी रे हे,” म्हणाले आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. माझ्या नावावर परवाना नव्हता. मी ग्लास मोरीत ओतला.

पुढे मामा वारले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत तो परवाना सापडला, नीट घडी घालून जपलेला. सरकारनं मामांबद्दल लेखी दिलेली ती एकच गोष्ट, आणि तीही खोटी.